भाकरीतलं लोह: मोहोळच्या गुरुजींना सविस्तर उत्तर

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी विचारलंय: "आफ्रिकेतल्या गरीब देशांत जीवनसत्त्व असलेली रताळी आणि मका लावून मुलांचं कुपोषण कमी केलं, असं वाचलं. आपल्याकडेही जास्त लोहाची बाजरी आणि ज्वारी निघाली म्हणतात. हे खरं आहे का? आमच्या गावानं ती पेरावी का? पालकसभेत मला सांगायचंय."

गुरुजी, आहे खरं. पेरावी का, ते मात्र तुमच्या गावात रोज ताटात काय असतं ते पाहून ठरवायचं. मी गेली २४ वर्षं या जिल्ह्यात शेती आणि आहार यांच्या मधलं काम करते. बियाणं वाटलंय, अंगणवाडीतल्या पोरांच्या पापण्या ओढून आतला फिकेपणा पाहिलाय, बायकांच्या शेजारी बसून पिठाचे गोळे काट्यावर तोललेत. सभेत कुणी उलटून विचारलं तर तुम्हाला उत्तर देता यावं, म्हणून जरा लांबण लावते.

आधी एक घोळ सोडवू, कारण सभेत तो निघणारच. रेशनच्या तांदळात मधूनच वेगळे दिसणारे दाणे असतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बायका ते वेचून टाकतात. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रावर ते दाणे पाडतात आणि शंभर किलो तांदळात एक किलो या हिशोबानं मिसळतात. वेचून टाकले की त्यातलं पोषण उकिरड्यावर गेलं, हे तेवढं आवर्जून सांगा. तुम्ही विचारताय ती गोष्ट वेगळी आहे. त्यात बाहेरून काही घालत नाहीत. जास्त लोह किंवा जस्त साठवणारी, किंवा ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते कॅरोटीन साठवणारी रोपं निवडायची, त्यांचा चांगल्या उत्पन्नाच्या वाणाशी संकर करायचा आणि पिढ्यानपिढ्या निवड करत न्यायची. अशा वाणांना जैवसंपृक्त म्हणतात. आपल्या बाजरी-ज्वारीचे असे वाण नेहमीच्या पैदास पद्धतीनं काढलेत, त्यांत बाहेरचं जनुक घातलेलं नाही. अ जीवनसत्त्वासाठी बाहेरचं जनुक घातलेला तो सोनेरी तांदूळ. त्याचं संशोधन २००० साली जगापुढं आलं, फिलिपिन्सनं २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयानं ती थांबवली. भारतात तो पिकतच नाही. म्हणून "हे जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, आहे का?" असं कुणी विचारलं तर बेलाशक नाही म्हणा.

आता आफ्रिकेचं. मोझांबिक आणि युगांडात रताळं हे पोटभरीच्या मुख्य अन्नांपैकी एक. पण तिथं पिढ्यानपिढ्या पांढऱ्या गराचं रताळं खात आलेत आणि त्यात कॅरोटीन जवळपास नसतं. संशोधकांनी केशरी गराची रताळी तिथल्या हवेला आणि तिथल्या जिभेला चालतील अशी तयार केली. सुरुवातीची केशरी रताळी पाणचट लागायची. लोकांना हवं होतं पिठूळ, कोरडं रताळं. ते जमेपर्यंत ब्रीडर, म्हणजे नवी वाणं काढणारे शास्त्रज्ञ, प्रयत्न करत राहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बॉइस या चौघांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत शाळकरी मुलांना शाळेच्या ५३ दिवसांत रोज १२५ ग्रॅम उकडलेलं केशरी रताळं दिलं, तेवढ्यात त्यांच्या शरीरातला अ जीवनसत्त्वाचा साठा सुधारला. १२५ ग्रॅम म्हणजे मुठीएवढं एक रताळं.

हे वाचून कुणालाही वाटेल की आपणही लावू. केशरी गराचं 'भू सोना' नावाचं रताळं भारतातही निघालंय, १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम कॅरोटीन असलेलं. पण आपण रताळं खातो कधी? आषाढीला, महाशिवरात्रीला. वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात आणि द्वादशीला उपवास सुटला की रताळं वर्षभर विसरलं जातं. एकादशीपुरत्या अन्नानं वर्षाची उणीव भरत नाही. मोझांबिकमध्ये जमलं, कारण रताळं तिथली भाकरी आहे.

रंगाचंही तसंच. झांबियात केशरी मका आणला तेव्हा पिवळ्या मक्याबद्दलची लोकांची नाराजी आडवी आली. पिवळा मका म्हणजे दुष्काळात बाहेरून आलेला, जनावरांचा, अशी लोकांची धारणा. आपल्याला हे सांगायला नको. तुमच्या गावातल्या सत्तरीच्या माणसाला बाहत्तरच्या दुष्काळातली लाल मिलो विचारा. रेशनवर आलेली ती परदेशी ज्वारी पोटासाठी खाल्ली, पण तिचं नाव काढलं की आजही त्यांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या जिल्ह्यात लालसर दाण्याची ज्वारी कुणी दाखवली की पहिला प्रश्न येतो, "मिलो हाय का ओ ही?" म्हणून पोषण वाढवताना दाण्याचा रंग आणि भाकरीची चव बदलणार नसेल तर निम्मं काम आधीच झालं. लोह आणि जस्ताची ही मोठी सोय आहे, ते दाण्यात वाढले तरी डोळ्याला दिसत नाहीत की जिभेला कळत नाहीत.

आपल्याकडे सगळ्यांत भक्कम काम झालंय ते बाजरीत. 'धनशक्ती' हे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आलं. हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेनं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जोडीनं ते काढलं. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असतं, नेहमीच्या बाजरीत ४५ ते ५०. पुढं परभणीच्या विद्यापीठाचे एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ हे संकरित वाण आले, त्यांतल्या दुसऱ्यात लोह ९१ पर्यंत जातं. २०१८ पासून तर देशात नवं बाजरीचं वाण प्रसारित करायचं असेल तर किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त हवंच, असा नियम झालाय. उत्पन्न आणि रोगप्रतिकाराच्या पंगतीला पोषण बसलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पोरांच्या अंगी लागतं का? महाराष्ट्रातल्याच निवासी शाळांत १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर सहा महिने चाचणी झाली. निम्म्यांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव, बाकीच्यांना साध्या बाजरीची. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांची उणीव भरून निघण्याची शक्यता लोहाच्या बाजरीनं १.६४ पट झाली. गोळी नाही, सिरप नाही, नुसती दोन वेळची भाकरी. सभेत एकच दाखला द्यायचा असेल तर हा द्या.

पण घरचा हिशोबही मांडा. माझ्या ओळखीच्या एका मावशींच्या घरी मी काटा घेऊन बसले होते. काटवटीत त्या मुठीनं पीठ घ्यायच्या आणि मी तोलायचे. दर भाकरीला ९० ग्रॅमच्या आगेमागे पीठ, मोजायला सांगितलं असतं तर इतकं नेमकं आलं नसतं. जेवणात दोन भाकऱ्या म्हणजे १८० ग्रॅम पीठ. धनशक्तीचं असेल तर त्यातून जवळपास १३ मिलिग्रॅम लोह, साध्या बाजरीतून साडेआठ. फरक चारेक मिलिग्रॅमचा. बाईची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे जास्त खर्च न करता, एक घासही जास्त न खाता, गरजेचा सातवा हिस्सा जास्तीचा पोटात गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायका आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या वयातली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. या आकड्यापुढं चार मिलिग्रॅम लहान वाटतील, पण ते रोज येतात आणि त्यांच्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही.

आता सोलापूरची अडचण. आपण बाजरी खातो थंडीत. भोगीला तीळ लावलेली भाकरी, त्याआधी-नंतरचे काही आठवडे, की झालं. उरलेलं वर्ष शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं. हे कळायला मला एक हंगाम वाया घालवावा लागला. काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही धनशक्तीचं बियाणं घरोघर दिलं. पीक झकास आलं. माघात मी परत गेले तर एकाही कणगीत ती बाजरी नव्हती. संक्रांतीपुरती ठेवून बाकी सगळी आडतीवर गेली होती, इतर बाजरीच्याच भावात, इतर बाजरीतच मिसळून. घरात शिजत होता शाळू आणि रेशनचा गहू. मी किती एकर पेरलं ते मोजलं होतं, घरात किती पोती राहतील ते कुणालाच विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षासाठी बियाणंही कुणी राखलं नव्हतं. ती चूक माझी. तेव्हापासून बियाण्याच्या पिशवीआधी मी घरात काय खातात ते लिहून घेते.

मग ज्वारीतच लोह का वाढवत नाहीत? वाढवलंय. २०१८ मध्ये परभणीहून 'परभणी शक्ती' आली, किलोमागे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त. साध्या ज्वारीत साधारण ३० आणि २० असतं. पण ती खरिपाची ज्वारी आहे आणि आपलं सगळं रब्बीवर. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की दाणा काळा पडतो, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. शिवाय आपल्याकडे ज्वारी पेरतात ती निम्मी माणसासाठी, निम्मी जनावरासाठी. मालदांडी ३५-१ ही तुमच्या मोहोळच्याच केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली. ती अजून टिकलीय ती पांढऱ्याशुभ्र टपोऱ्या दाण्यासाठी, मऊ भाकरीसाठी आणि कडब्यासाठी. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत, तो कडबा कमी देणारं वाण फुकट दिलं तरी पेरणार नाही, आणि त्याचं चुकतही नाही. रब्बीत मालदांडीच्या तोडीचा कडबा देणारं आणि लोह-जस्त दीडपट असलेलं वाण आलं, तर या जिल्ह्यात त्याला प्रचाराची गरज पडणार नाही. सोलापुरात रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या शिवारफेरीला जाल तेव्हा हीच मागणी करा. शेतकऱ्यांनी तोंडानं मागितलेली गोष्ट ब्रीडर लक्षात ठेवतात.

जमिनीचाही वाटा असतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात जस्त आणि लोह असूनही मुळांना नीट मिळत नाही. माती परीक्षणात जस्त कमी निघालं तर झिंक सल्फेट द्या. दाणे दुधात असताना ०.५ टक्क्याची फवारणी केली तर दाण्यातलं जस्त वाढतं. लोहाच्या फवारणीनं दाण्यात तेवढा फरक पडत नाही, त्यासाठी वाणच लागतं.

गुरुजी, तुमच्या प्रश्नात 'जीवनसत्त्व' हा शब्द आहे, तिथं मला सावध करायचंय. बाजरीचं काम लोह आणि जस्तापुरतं आहे. बी-१२ तर कुठलंच पीक देत नाही. बाहेरून मिसळलेलं नसेल तर ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. कुणी सगळ्या जीवनसत्त्वांचं धान्य म्हणून काही विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. आणि अ जीवनसत्त्वाची उणीव उघड दिसत असेल तर बियाण्याची वाट बघायची नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगोल्याकडच्या एका वस्तीवर एक आजी मला म्हणाली, "दिवसा धडधाकट हाय ओ पोरगं, दिवेलागणीला मात्र उंबऱ्यालाच ठेचकाळायलंय." मी त्याला तिन्हीसांजेला अंगणात उभं करून पितळी तांब्या आणायला सांगितला. पोरगं हात पुढं करून चाचपडत गेलं आणि तांब्याच्या शेजारून पुढं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचा डोस मिळाला आणि आठवडा व्हायच्या आत ते संध्याकाळी गल्लीत खेळत होतं. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी हा डोस मोफत मिळतो, तो चुकवू देऊ नका. रोजच्यासाठी शेवग्याचा पाला, करडईची कोवळी भाजी, मेथी, तांदुळजा, लाल भोपळा, पिकली पपई आहेच. भाजीला तेलाची फोडणी हवी किंवा ताटात शेंगाचटणी, कारण कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. करडईची भाजी आणि शेंगाचटणी एकाच ताटात वाढणारा आपला जिल्हा, इथं अ जीवनसत्त्वासाठी परदेशी मक्याची गरज नाही.

एकाच धान्यावर विसंबलं की काय होतं, ते दख्खननं पाहिलंय. १९६० च्या सुमाराला हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळला. उन्हाला उघड्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, पुढं डोक्यावर परिणाम. हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या उणिवेचा आजार, आणि ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिन या प्रथिनाच्या घटकाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. ज्वारी वाईट नाही, मी स्वतः रोज खाते. पण नुसती भाकरी आणि मीठ-मिरची एवढ्यावर शरीर चालत नाही, आणि भाकरीत लोह वाढवलं तरी डाळ, भाजी, दुधाची जागा ते घेत नाही.

पोटात गेलेलं लोह रक्तापर्यंत पोचवणं हा अर्धा लढा आहे. बाजरी-ज्वारीत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. त्यावर आपल्याच घरातले उपाय आहेत. ताटात लिंबाची फोड. मोड आलेली मटकी, मोडांनी फायटेट कमी होतं आणि क जीवनसत्त्व तयार होतं. आंबवलेली आंबील. आमटी लोखंडी कढईत. आणि चहा लांब. आपल्याकडे सकाळी शिळी भाकरी चहात कुस्करून पोरांच्या पुढं ठेवतात, ते मला बघवत नाही, कारण चहातलं टॅनिन त्या भाकरीतलं लोह तिथंच अडवतं. तीच भाकरी ताकात किंवा हुलग्याच्या माडग्यात कुस्करा. चहा हवाच असेल तर तास-दीड तासानं. पीठ बारीक चाळणीनं चाळू नका, कोंड्याबरोबर लोहही जातं. आणि ज्या मुलाचं हिमोग्लोबिन फारच खाली आहे त्याला गोळ्याच लागतील, जंताचं औषधही लागेल. भाकरी पुढची उणीव टाळते, झालेला आजार तिनं बरा होत नाही.

बाजरी वर्षभर ताटात आणायची तर बायकांच्या दोन खऱ्या तक्रारी सोडवाव्या लागतात. पहिली, "बाजरीचं पीठ आठ दिवसात कडू व्हायलंय." बरोबर आहे, त्यात तेल जास्त असतं. थोडं थोडंच दळा, किंवा ताज्या पिठाच्या कडक भाकऱ्या करून ठेवा. सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि भाजल्यानं लोह कुठं जात नाही. तुमच्या गावातल्या बचत गटाला यात कामही मिळेल. दुसरी तक्रार, भाकरी थापताना तुटते. शाळूला सवयलेला हात बाजरीवर अडतो. निम्मं शाळूचं, निम्मं बाजरीचं पीठ, कोमट पाणी, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळायचं. त्या मावशींनी पहिल्या दिवशी तीन भाकऱ्या मोडल्या, चौथी अखंड तव्यावर गेली. आता त्यांच्या घरी जूनपर्यंत मिसळीची भाकरी असते.

डाळिंबवाले पालक सभेत असतील तर त्यांच्यासाठी एक. सोलापूरच्याच डाळिंब संशोधन केंद्रानं २०१७ मध्ये 'सोलापूर लाल' काढलं. १०० ग्रॅम दाण्यांत ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह, 'भगवा' या नेहमीच्या वाणाच्या जवळपास दुप्पट. हे रोजचं धान्य नव्हे, पण बागेतला डागी माल व्यापारी नाकारतो तो तरी घरच्या पोरांच्या हातात पडू द्या. एक्स्पोर्टची बाग आणि घरात फिकी पोरं, असं मी खूप पाहिलंय.

तर पेरायचं कसं ते सांगते. आधी वर्गातल्या मुलांकडून आठवडाभर लिहून घ्या, कालच्या दोन्ही जेवणांत भाकरी कशाची होती. ज्या घरांत बाजरी आहे किंवा जी मिसळीला तयार आहेत, तेवढीच दहा-बारा घरं निवडा. धनशक्ती सुधारित वाण आहे, घरचं बियाणं राखता येतं. मात्र बाजरीत परागीकरण वाऱ्यानं होतं, म्हणून बियाण्याचा तुकडा दुसऱ्या बाजरीपासून किमान २०० मीटर लांब आणि निवडलेली कणसं वेगळी मळायची. एएचबीचं बियाणं संकरित असल्यानं दरवर्षी नवं घ्यावं लागतं. पेरणी मृग-आर्द्रात हलक्या-मध्यम रानात, म्हणजे शाळूचं भारी रान अडत नाही. हेक्टरी तीन ते चार किलो बियाणं लागतं, दहा एकरांना पंधरा-सोळा किलो पुरेल. मेच्या अखेरीपर्यंत ते हातात हवं. आणि घरटी दोन पोती कणगीत राहतील, असं पेरणीआधी त्या घरातल्या बाईकडून कबूल करून घ्या. घरधन्याकडून नको, आडतीला पोतं तोच नेतो.